काटा खाली आला, पण शक्ती गेली कुठे?

हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, तरंगलांबी ४२ मीटरच्या घरात असते. तिथे साधा अर्धतरंग डायपोल बांधायचा तर २० मीटर तार सरळ ताणायला हवी आणि ती दहाएक मीटर उंचीवर टांगायला हवी. चेंबूरमध्ये एवढी जागा मिळणं अवघड. टिळकनगर, सहकारनगर, सुभाषनगरच्या जुन्या बैठ्या इमारतींना निदान सलग गच्ची होती. पुनर्विकासात त्यांच्या जागी टॉवर आले. टॉवरच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली आणि सौर पॅनेलं असतात, शिवाय सोसायटीची परवानगी काढावी लागते. म्हणून इथले बरेच हॅम पाठपिशवीत मावणारं स्टेशन जवळ करतात. पाच-दहा वॅटची रिग (प्रेषक-ग्राहक संच), १२ व्होल्टची बॅटरी, मासेमारीची घडीची काठी आणि थोडी तार एवढाच पसारा. मग पहिला प्रश्न उभा राहतो, की ही आखूड तार ५० ओहमच्या रिगशी जुळवायची कशी?

गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाला उत्तरं भरपूर मिळाली आहेत, आणि बाजारात त्यांचे डबेही, म्हणजे ट्यूनर आणि ट्रान्सफॉर्मर, मिळतात. मात्र बहुतेक चर्चा डब्यापासून सुरू होते आणि डब्यापाशीच संपते. माझ्या मते ती तारेपासून आणि जमिनीपासून सुरू व्हायला हवी. जुळणी रिगचं समाधान करते. शक्ती आकाशात जाते की कॉइल, केबल आणि काँक्रीट तापवते, हे ठरतं दुसरीकडेच.

मुंबईला फिरत्या स्टेशनाचा इतिहास आहे. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२ या काळात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेला काँग्रेस रेडिओ पोलिसांना चुकवत शहरात एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत हलत राहिला. त्याची घोषित तरंगलांबी होती ४२.३४ मीटर, म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. आज हॅम ज्या पट्ट्यात बोलतात तोच हा पट्टा. प्रेषक बांधणारे नरिमन प्रिंटर यांना वायरलेसचं तंत्र अवगत होतं. दर मुक्कामी गजबजलेल्या इमारतीत, कुणाच्या नजरेत न भरता, त्या लांबीच्या लाटेसाठी अँटेना उभी करणं किती कठीण असेल, हे ज्याने एकदा तरी गच्चीवर तार ताणली आहे त्याला कळेल.

आता ‘आखूड’ म्हणजे किती, ते पाहू. आखूडपणा मीटरात मोजत नाहीत, तरंगलांबीच्या तुलनेत मोजतात. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ नौदलाचं आयएनएस कट्टबोम्मन हे पाणबुड्यांशी बोलणारं केंद्र आहे. तिथले मनोरे ४७१ मीटर उंच आहेत. पण केंद्राची वारंवारता १८ किलोहर्ट्झच्या आसपास असल्यामुळे तिथली लाट सोळा किलोमीटरहून लांब आहे. तिचा चौथा हिस्सा चार किलोमीटर भरतो, म्हणजे एवढा उंच मनोराही पाव तरंगाच्या नवव्या हिश्शाइतका. तिथल्या अभियंत्यांपुढचा प्रश्न आणि गच्चीवर पाच मीटरची काठी धरून उभ्या असलेल्या हॅमपुढचा प्रश्न भौतिकशास्त्राच्या दृष्टीने एकच आहे. त्यांनी मनोऱ्याच्या माथ्यावरून छत्रीसारख्या तारा पसरल्या, आणि आपल्यालाही उपयोगी पडेल असा धडा त्यातच आहे. त्याकडे पुढे येतोच.

पाच मीटरची उभी तार घ्या, मिलिमीटरभर जाडीची, आणि ७.१ मेगाहर्ट्झवर तिचा हिशोब मांडा. तिचा रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे लाटांच्या रूपाने शक्ती बाहेर नेणारा हिस्सा, जेमतेम ६ ओहम भरतो. पूर्ण पाव तरंगाच्या उभ्या तारेचा तो ३६ असतो. त्याच वेळी ही तार सुमारे ५८० ओहमचा कपॅसिटिव्ह रिअॅक्टन्स दाखवते. तो रद्द करायला तळाशी तेवढ्याच ओहमची कॉइल लागते, म्हणजे १३ मायक्रोहेन्री. कॉइल आली की तिचा तोटा आला. कॉइलचा क्यू, म्हणजे तिच्या तोट्याच्या कितीपट तिचा रिअॅक्टन्स आहे तो आकडा, २०० असेल तर तोटा ३ ओहम, ५० असेल तर १२. त्यात जमिनीचा किंवा काउंटरपॉइजचा, म्हणजे जमिनीऐवजी पसरलेल्या तारांचा, तोटा मिळवायचा. तो चांगल्या मांडणीत १० ओहम धरू, ढिसाळ मांडणीत ३२.

आता दोन स्टेशनं शेजारी ठेवू. पहिल्याची कॉइल चांगली आणि काउंटरपॉइज नीट पसरलेले. एकूण ६ अधिक ३ अधिक १०, म्हणजे १९ ओहम. त्यातले ६ ओहम कामाचे, तेव्हा दहा वॅटपैकी तीनेक वॅट आकाशात जातात. रिगला मात्र १९ ओहम दिसतात आणि एसडब्ल्यूआर, म्हणजे बेजुळणीचं माप (पूर्ण जुळणीला १), २.६ येतो. दुसऱ्याची कॉइल बारीक तारेची, काउंटरपॉइजची एकच तार कशीतरी टाकलेली. एकूण ६ अधिक १२ अधिक ३२, बरोबर ५० ओहम. एसडब्ल्यूआर १, मीटरचा काटा पूर्ण खाली, आणि दहा वॅटपैकी आकाशात जातो सव्वा वॅट.

म्हणजे काटा ज्याला शंभर टक्के गुण देतो, तेच स्टेशन निम्म्याहून कमी काम करतं. माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची आणि नवशिक्याला सर्वांत उशिरा सांगितली जाणारी गोष्ट हीच. तोटा वाढवला की जुळणी आपोआप सुधारते आणि बँडविड्थही वाढते. ‘माझी अँटेना पूर्ण बँडभर एकसारखी जुळते’ असं कुणी आखूड तारेबद्दल सांगितलं, तर अभिनंदन करण्याआधी तोटा शोधावा. हॅरल्ड व्हीलर यांनी १९४७ मध्ये आणि लान जेन चू यांनी १९४८ मध्ये लहान अँटेनांची जी मर्यादा मांडली ती याच अर्थाची आहे. अँटेना तरंगलांबीच्या तुलनेत लहान, कार्यक्षम आणि रुंद बँडची, हे तिन्ही गुण एकदम मिळत नाहीत.

ऐकण्यावरूनही हे ओळखता येत नाही. ७ मेगाहर्ट्झवर रिसीव्हरपर्यंत येणारा आवाज बहुतांशी बाहेरचाच असतो. तोट्याची अँटेना सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारखेच कमी करते आणि त्यांचं आपसातलं प्रमाण तसंच राहतं. त्यामुळे नाशिक, कोल्हापूर, बेंगळुरू सगळे छान ऐकू येतात, पण आपली हाक कुणाला पोचत नाही. असा अनुभव आला की माणूस हवामानाला किंवा रिगला दोष देतो आणि तारेकडे त्याचं लक्ष जात नाही.

उपाय कट्टबोम्मनच्या मनोऱ्यांवरच आहे. आखूड उभ्या तारेत प्रवाह टोकाकडे शून्यावर उतरतो, म्हणून वरचा अर्धा भाग जवळपास फुकट जातो. माथ्यावर आणखी तार जोडली की प्रवाह वरपर्यंत टिकतो. तीच पाच मीटरची काठी उभी ठेवा आणि तार माथ्यावर संपवण्याऐवजी आणखी पाच मीटर आडवी न्या, पलीकडच्या टाकीच्या पाइपापर्यंत किंवा फांदीपर्यंत नायलॉनच्या दोरीने ताणून. हॅम याला उलटा एल म्हणतात. आता उभ्या भागाचा रेडिएशन रेझिस्टन्स ६ वरून १८ ओहमच्या आसपास जातो. एकूण तार पाव तरंगाची झाल्याने कॉइलची गरजच उरत नाही, म्हणजे तिचा तोटाही गेला. जमिनीचे तेच १० ओहम धरले तर एकूण २८ होतात. एसडब्ल्यूआर १.८ येतो, तो बहुतेक रिग निमूट स्वीकारतात. दहा वॅटपैकी सहाहून जास्त वॅट आकाशात जातात. काठी तीच, गच्ची तीच, फक्त पाच मीटर तार जास्त लागली. कुठल्याही दुकानात मिळणारा ट्यूनर एवढा फायदा करून देत नाही.

यात आणखी एक सोय आहे. काठीच्या माथ्याशी, पाच मीटरवर, तार तोडून तिथे जोड ठेवावा. जोड उघडला की उरलेली पाच मीटर उभी तार १४ मेगाहर्ट्झवर जवळपास अचूक पाव तरंग होते. जोड लावला की ७ मेगाहर्ट्झचा उलटा एल. बँड बदलायला काठी खाली उतरवावी लागते, पण ट्यूनर, ट्रान्सफॉर्मर काहीच लागत नाही. जोड न उघडता पूर्ण दहा मीटर तार १४ मेगाहर्ट्झवर लावली तर ती अर्धतरंग होते, टोकाशी हजारो ओहम दाखवते आणि रिग ती झिडकारते.

तार संपली की जमीन. १९३७ मध्ये आरसीएचे ब्राउन, लुईस आणि एपस्टाइन यांनी उभ्या मनोऱ्याखाली एकशे तेरापर्यंत तारा पुरून मोजमापं केली. प्रसारण केंद्रांना शंभराहून जास्त रेडियल, म्हणजे बुडापासून चहूकडे जाणाऱ्या तारा, घालायची शिस्त त्यातून आली. ते पाहून पाठपिशवीवाल्या हॅमने धीर सोडायचं कारण नाही. जमिनीपासून थोड्या उचललेल्या, योग्य लांबीच्या दोन-चार तारा जमिनीवर लोळणाऱ्या कितीतरी तारांचं काम करतात, असं नंतरच्या काटेकोर प्रयोगांतून दिसलं आहे. गच्चीवर तर पुरायला माती नसतेच. खाली वॉटरप्रूफिंगचा थर आणि स्लॅबमधलं लोखंड. तिथे ७ मेगाहर्ट्झसाठी दहा-दहा मीटरच्या दोन तारा कठड्याच्या उंचीवरून परस्परविरुद्ध दिशांना न्याव्यात. जागा नसेल तर त्या कठड्याबरोबर वळवाव्यात. पाण्याच्या लोखंडी पाइपाला अर्थ समजून तार गुंडाळण्याची सवय मात्र सोडावी. त्या पाइपाचा जोड कुठे गंजला आहे ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि प्रक्षेपणाचा प्रवाह त्यातून साऱ्या इमारतीत फिरतो.

चेंबूरच्या पूर्वेला आणि दक्षिणेला ठाण्याची खाडी, खारफुटी, मिठागरं आहेत. खारट ओली चिखलाची जमीन उभ्या अँटेनेसाठी फार उत्तम असते, विशेषतः दूरच्या, क्षितिजाजवळून जाणाऱ्या लाटांसाठी. तरी माहुल-ट्रॉम्बेच्या बाजूला तार घेऊन जाऊ नये. तेलशुद्धीकरण कारखाने, वीजकेंद्र आणि भाभा अणुसंशोधन केंद्र यांच्या परिसरात काठी आणि तार घेतलेला माणूस सुरक्षारक्षकांना कसा दिसेल, हे सांगायला नको. ट्रॉम्बेहून निघणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांपासूनही लांब राहावं. धातूची किंवा ओली काठी अशा तारांजवळ नेणं जिवावर बेतू शकतं.

आता डब्यांचा विचार. सर्वांत सोपं आणि बहुधा सर्वांत प्रामाणिक जाळं म्हणजे एल नेटवर्क, एक कॉइल आणि एक कपॅसिटर. घटक दोनच असल्याने जुळणीची जागाही बहुधा एकच सापडते आणि तोटा कमी राहतो. बाजारातल्या हाताने फिरवायच्या ट्यूनरमध्ये टी नेटवर्क असतं. त्यात अनेक ठिकाणी काटा खाली येतो, पण त्यातल्या काही जागा फार तोट्याच्या असतात. तिथे कमीत कमी कॉइल ठेवून जुळणी शोधावी. ऑटो ट्यूनर सोयीचे आहेत, आणि एटीयू-१०० या खुल्या आराखड्यामुळे स्वस्तही झाले. पण त्यांच्या आतल्या छोट्या टोरॉइडचा क्यू हवेत गुंडाळलेल्या चांगल्या कॉइलइतका नसतो, आणि पाच मीटर तार ७ मेगाहर्ट्झवर जुळवताना सारा भार त्याच टोरॉइडवर येतो.

कुठलाही डबा घ्या, तो तारेच्या बुडाशी ठेवा. दहा मीटर बारीक आरजी-१७४ केबलच्या या टोकाला ट्यूनर आणि त्या टोकाला न जुळलेली आखूड तार अशी मांडणी केली तर केबलमध्ये उभ्या लाटा खेळत राहतात, आणि अशा टोकाच्या बेजुळणीत बहुतेक शक्ती तिथेच जिरते. रिगजवळचा मीटर मात्र एकास एक दाखवतो.

९:१ अनअन या ट्रान्सफॉर्मरबद्दल मला थोडं कडक लिहावंसं वाटतं, कारण नव्या हॅमच्या पहिल्या खरेदीत तो हमखास असतो. तो काही शे ओहमच्या तारेला ५० च्या जवळपास आणतो. बारा-साडेबारा मीटर, किंवा कुठल्याच बँडवर अर्धतरंगाच्या पटीत न येणारी दुसरी लांबी, बरोबर एखादा ट्यूनर आणि काउंटरपॉइज असेल तर तो उपयोगी आहे. पण आपल्या पाच मीटरच्या तारेला ७ मेगाहर्ट्झवर तो लावला तर कॉइलशिवायच्या १६ ओहमचे दोनहून कमी ओहम होतात आणि रिअॅक्टन्सही नवव्या हिश्शावर येतो. कमी असलेला रेझिस्टन्स आणखी कमी झाला. हा ट्रान्सफॉर्मर खूप ओहमच्या तारेसाठी आहे आणि आखूड तार त्याच्या नेमकी उलट आहे.

४९:१ चा ट्रान्सफॉर्मर अर्धतरंग तारेच्या टोकासाठी असतो, जिथे अडीच-तीन हजार ओहम मिळतात. दोनास चौदा किंवा तीनास एकवीस फेरे, ४३ नंबरचा फेराइट आणि वरच्या बँडसाठी शंभरएक पिकोफॅरडचा कपॅसिटर. २० मीटर तार तिसऱ्या मजल्यावरून तिरकी खाली अंगणातल्या झाडापर्यंत नेता आली तर ती ४०, २०, १५ आणि १० मीटर अशा चार बँडवर चालते. चेंबूरच्या जुन्या वसाहतींत झाडं अजून आहेत, तिथे हा पर्याय सर्वांत सुटसुटीत. तेवढी लांबीही नसेल तर दहा मीटर तार, मग ३४ मायक्रोहेन्रीच्या आसपासची कॉइल आणि पुढे दोनेक मीटरची शेपटी. साधारण बारा मीटरमध्ये ४० आणि २० दोन्ही बँड बसतात. ४० वर बँडविड्थ अरुंद होते, ती होणारच. ट्रान्सफॉर्मर कसा आहे ते हाताने कळतं. दहा वॅटच्या प्रक्षेपणानंतर फेराइट गरम लागला तर तेवढी शक्ती तिथेच अडकली.

कॉइल विकत घेण्यापेक्षा घरी करणं चांगलं. वर सांगितलेल्या १३ मायक्रोहेन्रीसाठी ५० मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपावर वीसेक फेरे, साडेपाच सेंटिमीटर लांबीत, फेऱ्यांमध्ये थोडी फट ठेवून. मोटर वाइंडिंगची १८ गेजची तार लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडला वजनावर मिळते. बारीक तारेपेक्षा जाड तार घ्यावी. पावसाळ्यात भिजलेल्या पाइपावर कॉइलचं माप आणि तोटा दोन्ही सरकतात, तेव्हा वर प्लास्टिकची टोपी हवी. काठीच्या मध्यावर कॉइल बसवली तर रेडिएशन रेझिस्टन्स वाढतो, पण कॉइल मोठी लागते आणि वाऱ्यात काठी वाकते. माथ्याची तार लांबवता येत नसेल तेव्हाच या वाटेला जावं.

ज्यांच्याकडे ‘बिटएक्स’ घराण्यातली रिग आहे त्यांनी जुळणीची जास्त काळजी घ्यावी. हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी २००३ मध्ये हा साधा, स्वतः बांधता येण्यासारखा आराखडा मांडला आणि आपल्याकडच्या अनेकांना कमी खर्चात हवेत आणलं. त्याच्या नंतरच्या रूपांत शेवटच्या टप्प्याला आयआरएफ५१० ट्रान्झिस्टर असतो आणि चुकीच्या जुळणीपासून त्याला स्वयंचलित संरक्षण नाही. ट्यूनिंग करताना रेझिस्टर ब्रिजचा एसडब्ल्यूआर दर्शक मध्ये ठेवावा, म्हणजे समोर काहीही असलं तरी रिगला दिसणारा एसडब्ल्यूआर २ च्या वर जात नाही.

उभी की आडवी तार, हेही जुळणीइतकंच महत्त्वाचं. मुंबईहून दुपारी पुणे, सातारा, कोल्हापूर गाठायचं असेल तर लाट जवळपास सरळ वर जाऊन आयनांबरावरून परत यायला हवी. उभी तार नेमक्या त्याच दिशेला दुबळी असते. तिथे पाच-सहा मीटरवरचा आडवा डायपोल किंवा उलटा व्ही चांगला, आणि त्याला काउंटरपॉइजही लागत नाही. उलट्या एलचा आडवा भाग हे काम थोडंफार करतो, म्हणून एकच तार न्यायची तर मी तोच निवडेन. आपत्तीत लागणारा संपर्क बहुधा याच अंतराचा असतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा फोनची काय अवस्था झाली होती ते उपनगरातल्या लोकांना आठवत असेल. त्याच्या सहा-सात महिने आधी, डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद (कॉलसाइन व्हीयू२आरबीआय) हौशी मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होत्या, आणि त्यांच्या स्टेशनाने अंदमानचा बाहेरच्या जगाशी दुवा जोडला. अशा वेळी तार आदल्या दिवशी मोजून, कापून, बांधून पाहिलेली असावी लागते.

मोजायला आता सबब उरलेली नाही. जपानमध्ये जन्मलेला आणि २०१९ च्या सुमारास सर्वत्र पोचलेला नॅनोव्हीएनए हा अँटेना-मापक खिशात मावतो. त्यावर एसडब्ल्यूआरची रेघ पाहून थांबू नये. स्मिथ चार्ट उघडावा आणि रेझोनन्सला रेझिस्टन्स किती उरतो ते वाचावं. रेडियल वाढवत जाताना तो आकडा ४५ वरून ३५, मग २८ असा उतरत गेला तर एसडब्ल्यूआर बिघडतो, आणि तरीही तोच खरा सुधार असतो. उतरणं थांबलं की आणखी रेडियल घालण्यात अर्थ नाही. दुसरी परीक्षा डब्ल्यूएसपीआरची. मिलिवॅटांचा सिग्नल सोडायचा, जगभरातली स्टेशनं तो किती डेसिबलने ऐकतात ते पाहायचं, आणि दोन तारा आळीपाळीने लावून तुलना करायची. एफटी८ वर कुणी उत्तर दिलं एवढ्यावरून अँटेनाचा निकाल लावू नये. गोंगाटाच्या कितीतरी खालचा सिग्नल उलगडणारी ती पद्धत आहे, तिच्यात तोट्याची अँटेनाही खपून जाते.

राहिला चेंबूरचा गोंगाट. एलईडी दिव्यांचे आणि चार्जरचे स्विचिंग सप्लाय, लिफ्टचे ड्राइव्ह, हार्बर मार्गाची २५ किलोव्होल्टची ओव्हरहेड तार, दमट हवेत चुरचुरणाऱ्या उच्चदाब वाहिन्या. केबलच्या बाहेरच्या अंगावरून हा गोंगाट थेट रिगमध्ये शिरतो, म्हणून तारेच्या बुडाशी फेराइटवर केबलचे दहा-बारा फेरे घेतलेला चोक हवाच. तो नसला तर केबल स्वतःच काउंटरपॉइज होते आणि नॅनोव्हीएनएचा आकडा हात लावला की बदलतो. चोक असूनही गच्चीवर ऐकू येत नसेल तर पनवेलची लोकल पकडून शहराबाहेर पडावं. कर्नाळ्यासारख्या ठिकाणी गेलात तर ते पक्षी अभयारण्य आहे. वनखात्याची परवानगी आणि आपल्या परवान्यातल्या स्थलांतराच्या अटी आधी पाहून घ्याव्यात, स्पीकरऐवजी हेडफोन लावावा, किल्ल्याच्या तटबंदीच्या दगडांत खुंटी ठोकू नये. काठी झोळीतल्या दगडांच्या वजनाने उभी करता येते, आणि उलट्या एलचं आडवं टोक दोरीने एखाद्या झुडपाला हलकंच अडकवलं तरी पुरतं. खडकाळ माथ्यावर ओल कमी असते, तिथे रेडियल जमिनीवर लोळू न देता काठ्यांच्या बेचक्यांवर हातभर उचलून ठेवावेत. गच्चीवर बरोबर बसलेल्या तारेचा रेझोनन्स तिथे थोडा सरकलेला दिसेल. म्हणून कापताना प्रत्येक टोकाला वीतभर तार दुमडून ठेवावी.